अण्णांच्या आरएक्सला कोणतं पेट्रोल पाजू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वारणाकाठचे एक ऊस उत्पादक शेतकरी लिहितात की, त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, १९८९ साली दोन म्हशी विकून यामाहा आरएक्स १०० घेतली. अण्णा जाऊन तीन वर्षं झाली. गाडी आता शेडमध्ये ताडपत्रीखाली असते. ‘झिजू नये म्हणून’ महिन्यातून एक-दोनदाच बाहेर निघते आणि जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर फिरते. टाकी मात्र कायम भरलेली. गेल्या दिवाळीत हायवेवर पिस्टन धरला, म्हणजे तापून सिलेंडरमध्येच अडकला, आणि सिलेंडर आतून घासून बोअर करून घ्यावा लागला. मेकॅनिक म्हणतो, हे सगळं पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे झालं, यापुढे फक्त शंभर ऑक्टेनचं पेट्रोल टाका. ते मिळणारा पंप साठ किलोमीटरवर आहे. मुलाने मोबाइलवर बघितलंय की पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल घरच्या घरी वेगळं काढता येतं. धाकटा भाऊ म्हणतो, एक हौशी माणूस चांगली किंमत देतोय, देऊन टाक. शेवटी वाचक लिहितात, “आम्ही कारखान्याचे सभासद. आमच्याच उसाच्या इथेनॉलला नावं ठेवायची तरी कशी? आणि गाडी मारायची तरी कशी?”

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा गाडीसाठी, दुसऱ्यांदा त्या ताडपत्रीसाठी. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना कार्बोरेटर उघडायला शिकवला. त्यामुळे गिऱ्हाईक ‘काय बिघडलंय’ ते सांगायला लागलं की गाडी उभी कुठे असते, हे विचारायची खोड लागली आहे. तुम्ही ते न विचारताच सांगितलंत, माझं निम्मं काम झालं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. पत्राच्या सुरावरून वाटतं, की अण्णांच्या काळात पेट्रोल कसं निव्वळ, सोवळं होतं आणि आता कुणीतरी त्यात भेसळ केली. तसं नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून बघण्याचा प्रयोग आपल्या देशात २००१ साली तीन ठिकाणी झाला. त्यातली दोन ठिकाणं महाराष्ट्रातली होती: एक मनमाड आणि दुसरं तुमच्या शेजारचं मिरज. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्क्यांचा कार्यक्रम सुरू झाला. मग टक्केवारी बरीच वर्षं रखडत, लंगडत चालली. दहाचा टप्पा गाठायला २०२२ चा जून उजाडला. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि २०२५ मध्ये साध्या पंपावर दुसरं काही मिळेनासं झालं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचाही पर्याय पंपावर ठेवा, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. म्हणजे तो दरवाजा सध्या बंद आहे. पण अण्णांनी स्वतः या गाडीला कित्येक वर्षं थोडंथोडं इथेनॉल पाजलेलं आहे आणि गाडी धावलेली आहे, हेही लक्षात ठेवा. त्याच्याही आधीच्या पेट्रोलमध्ये तर शिसं होतं, ते देशभरातून गेलं फेब्रुवारी २००० मध्ये. ते काही सोवळं नव्हतं.

आता शंभर ऑक्टेनचं. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद, असं बहुतेकांना वाटतं. तो आकडा सांगतो एवढंच, की पेट्रोल सिलेंडरमध्ये दाबलं गेलं तरी ठिणगीआधी भलत्या वेळी पेट घ्यायला किती नकार देतं. जिथे दाब जास्त, तिथे जास्त ऑक्टेन लागतं, नाहीतर इंजिन ठोका मारतं. तुमची आरएक्स बाजारात आली तेव्हा पंपावरचं साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं होतं आणि ती त्यावर मजेत पळायची. आजच्या ई-२० चं ऑक्टेन ९५ च्या घरात आहे, कारण इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेनच चढं असतं. म्हणजे या एका बाबतीत तुमच्या गाडीला गरजेपेक्षा जास्तच मिळतंय. शंभर टाकून ती आणखी पळणार नाही.

मग तुमचा मेकॅनिक चुकला का? पूर्ण नाही. शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलचा तुम्हाला उपयोग आहे तो त्याच्या शंभरासाठी नाही, तर ते सध्या इथेनॉल न मिसळता विकलं जातं म्हणून. साध्या पेट्रोलच्या साधारण दीडपट पैसे तुम्ही मोजता ते जे घातलेलं नाही, त्याचे. (पंपावर ९५ ऑक्टेनचं ‘प्रीमियम’ही मिळतं. त्यात इथेनॉल असतं, तेव्हा ते महाग आहे म्हणून घेऊ नका.)

आता इथेनॉल नेमकं करतं काय ते बघू. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी असते. त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के धरली होती. महिन्याला साठ किलोमीटर चालणाऱ्या माणसाने त्याची काळजी करू नये, रिक्षावाल्याने करावी.

आरएक्ससाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असतो. शुद्ध पेट्रोलचा एक भाग जळायला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला नऊच. ई-२० ला साधारण साडेतेराच्या आसपास. नव्या गाड्यांत सेन्सर असतो, तो हे ओळखून पेट्रोल वाढवतो. तुमच्या गाडीत आहे पितळेचा जेट. त्याचं भोक १९८९ मध्ये होतं तेवढंच आज आहे. तो जेट जुन्या हिशोबाने पेट्रोल सोडतो आणि इंजिनाला ते कमी पडतं. गाडी ‘लीन’ चालते, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. चार-स्ट्रोक इंजिन हे बरंच सोसतं. टू-स्ट्रोक, म्हणजे तुमच्या आरएक्सचं, सोसत नाही, कारण पेट्रोल कमी म्हणजे पिस्टनला थंडावा कमी. हायवेवर एकाच रेसवर लांब पळवली की पिस्टन फुगतो आणि धरतो. तेव्हा दिवाळीत जे झालं त्यात ई-२० चा हात असू शकतो, हे मी मान्य करतो.

पण ‘असू शकतो’ आणि ‘आहे’ यात फरक आहे. हल्ली गाडीला शिंक आली तरी इथेनॉलचं नाव घ्यायची पद्धत पडली आहे. मेकॅनिकलाही ते सोयीचं, कारण खापर त्याच्या हातावर फुटत नाही. पस्तीस वर्षांच्या टू-स्ट्रोकमध्ये लीन चालण्याचं याहून जुनं आणि पक्कं कारण म्हणजे क्रँकचे सील, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकांवरची रबरी कडी. ते कडक होतात, कडेने हवा ओढतात, आणि मग तुम्ही कितीही उंची पेट्रोल टाका, इंजिनात हवा जास्तच जाणार. तसंच कार्बोरेटर आणि सिलेंडरच्या मधलं रबर चिरलेलं असतं. शिवाय आरएक्समध्ये टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोकचं पेट्रोलसोबत जळणारं ऑइल, वेगळ्या टाकीतून पंपाने येतं. त्या पंपाची केबल खुणेवर नसली किंवा ऑइलच्या नळीत हवा अडकली, तर पिस्टन कोरडाच पळतो.

म्हणून मेकॅनिककडे जा आणि शांतपणे तीन गोष्टी विचारा. बोअर केला तेव्हा क्रँकचे सील बदलले का? ऑइल पंपाची केबल खुणेवर लावून, नळीतली हवा काढली का? मेन जेट कितीचा आहे, पूर्वीचाच का? तिन्हींना ‘नाही, गरज नव्हती’ असं उत्तर आलं, तर इथेनॉलला दोष देण्याआधी मी मेकॅनिक बदलीन. रेस सोडल्यावरही इंजिन खाली यायला वेळ लावत असेल, तर हवा कुठून तरी शिरतेच आहे असं समजा.

सील आणि रबर ठीक निघालं, की मगच जेटला हात लावायचा. ई-२० साठी मेन जेट एक नंबर मोठा, फार तर दोन. सुईची क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर उचलली जाते आणि मधल्या रेसवर पेट्रोल वाढतं. एअर स्क्रू पुन्हा जमवावा लागतो. मग सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये एका रेसवर दोन मिनिटं चालवायची, क्लच दाबून इंजिन बंद करायचं, बाजूला थांबून प्लग काढून बघायचा. पांढराफटक म्हणजे अजून लीन, काळा ओला म्हणजे जास्त झालं, खाकी-चॉकलेटी म्हणजे जमलं. ही गोष्ट लॅपटॉपवर होत नाही, त्याला माझ्यासारखी म्हातारी माणसं लागतात.

आणखी एक. पिस्टन धरल्यावर घाबरून बरेच जण ऑइलच्या टाकीत ऑइल असूनही वर पेट्रोलमध्ये थोडं टू-टी ओततात, ‘खबरदारी म्हणून’. तुम्हीही करत असाल तर बंद करा. त्याच भोकातून आता पेट्रोलऐवजी थोडं ऑइल जातं, म्हणजे पेट्रोल आणखी कमी. वर प्लग काळा पडतो तो वेगळाच. ऑइल मात्र चांगलं घ्या, डब्यावर ‘जासो एफसी’ किंवा ‘एफडी’ लिहिलेलं.

आता ताडपत्री. २०१४ साली माझी जुनी स्कूटर मी पावसाळाभर झाकून ठेवली होती. जीव होता तिच्यावर, म्हणून. दसऱ्याला काढली तर किक मारून पाय सुजला. कार्बोरेटर उघडला, तर वाटीच्या तळाशी मेणासारखा थर, पायलट जेट बुजलेला आणि जस्ताच्या धातूवर पांढरी बुरशी आल्यासारखी पावडर. तेव्हा ई-२० चं नाव कुणी ऐकलं नव्हतं. माझ्या स्कूटरला इथेनॉलने मारलं नव्हतं, मी मारलं होतं, माया करून.

तुमचा हिशोब मांडू. आरएक्सची टाकी साधारण दहा लिटरची. महिन्याला साठ किलोमीटर म्हणजे जास्तीत जास्त दीड-दोन लिटर. तुम्ही टाकी भरलेली ठेवता म्हणजे त्यातलं काही पेट्रोल सहा-सहा महिन्यांचं असतं. पेट्रोल महिनाभरात उतरू लागतं, त्यातलं हलकं उडून जातं आणि जड, चिकट मागे उरतं. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. हवेतली आर्द्रता ते ओढतं, पण टाकी बंद असेल तर त्याचा वेग फार नसतो. पाणी खरं शिरतं ते झाकणाच्या कडक झालेल्या वायसरमधून, गाडी धुताना, किंवा ताडपत्रीखाली रात्रीच्या गारव्यात टाकीच्या आत दव धरतं तेव्हा. प्लॅस्टिकची ताडपत्री पाऊस अडवते, पण जमिनीतून वर येणारी ओल आत कोंडते. गाडीसाठी ती छत्री नाही, कुकर आहे. ती आजच काढा आणि जुनं सुती चादर-लुगडं टाका.

पाणी ठरावीक मर्यादेपर्यंत इथेनॉलमध्ये विरघळून राहतं. त्यापलीकडे गेलं, की एक दिवस पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात आणि वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल तरंगतं. याची घरगुती खूण सांगतो. गाडी मेनवर चालते आणि कॉक रिझर्व्हवर टाकला की धापा टाकत बंद पडते, कारण रिझर्व्हची नळी तळाचं ओढते. असं झालं तर किका मारत बसू नका, ते पाणी पिस्टनवरचं तेल धुऊन काढतं. कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत पेट्रोल घ्या, दहा मिनिटं उभं ठेवा. दोन थर दिसले, तर टाकी पूर्ण रिकामी करून वाळवायची.

पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं, की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटर चालल्यावर रबराचे काही भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील. तुमच्या वेगाने वीस हजार किलोमीटर व्हायला जवळपास अठ्ठावीस वर्षं लागतील! गंमत सोडा, पण मुद्दा असा की रबर किलोमीटर मोजत नाही, दिवस मोजतं. तुमच्या गाडीतलं रबर अण्णांच्या काळातलं असेल, तर त्याची वेळ ई-२० च्या आधीच भरली होती. पेट्रोलची नळी, कॉकमधले वायसर, वाटीचं गॅस्केट, सुईचं टोक, ओ-रिंग आणि झाकणाचं वायसर, हे सगळं एकदाच बदलून टाका. पारदर्शक स्वस्त नळी घेऊ नका, ती वर्षात लाकडासारखी होते. नळीवर ‘एसएई जे३० आर९’ असा शिक्का शोधा, ती इथेनॉलला टिकते. मध्ये छोटा फिल्टर बसवा, कारण इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं आणि पहिल्या एक-दोन टाक्यांत तो सगळा जेटकडे निघतो. अण्णांनी कधी टाकीला आतून कोटिंग मारून घेतलं होतं का, तेही घरात विचारा. जुन्या प्रकारची काही कोटिंगं इथेनॉलमध्ये पापुद्र्यासारखी सुटतात.

तुमच्या मुलाच्या प्रयोगाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. पाणी घालून इथेनॉल वेगळं काढता येतं, त्याचं शास्त्र बरोबर आहे. पण त्याने उरतं ते कमी ऑक्टेनचं, पाण्याने भिजलेलं पेट्रोल, खाली बादलीभर पेटणारं पाणी, आणि हे सगळं कुठे? तर गोठ्याशेजारच्या शेडमध्ये, जिथे कडबा असतो आणि कुणीतरी बिडी ओढत उभं असतं. हे घरात होऊ देऊ नका. हाच प्रयोग लहान प्रमाणात मात्र कामाचा आहे: काचेच्या मोजनळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घ्या, हलवा, थर बसू द्या. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असेल, तर पाण्याची रेघ दहावरून वर सरकत अठ्ठावीसच्या आसपास येते. इथेनॉल नसेल तर ती दहावरच राहते. शंभर ऑक्टेनचं जे घ्याल ते खरंच इथेनॉलविना आहे का, याचा पुरावा पोराला असा मिळवू द्या, अंगणात, उघड्यावर, तुम्ही समोर असताना. त्याची हौस भागेल आणि तुमची खात्री होईल. धोरणं बदलतात, त्यामुळे पंपावर विचारायचंच, पण नळी खोटं बोलत नाही. ‘इथेनॉल मारणारी’ बाटली घ्यावी का, असंही पुष्कळ जण विचारतात. बाटलीने इथेनॉल नाहीसं होत नाही. गंज रोखणारं काही त्यात असेल तर थोडा उपयोग होईल, पण तेच पैसे नळी आणि वायसरला आधी घाला.

मग पेट्रोल कोणतं? माझं मत सरळ आहे. रोजच्याला गावच्या पंपावरचं ई-२०, पण टाकी भरून नाही. गिऱ्हाईक जास्त असलेल्या पंपावर दोन-तीन लिटर घ्या, म्हणजे तुमच्या टाकीत आणि त्यांच्याही टाकीत माल ताजा राहतो. आठवड्यातून एकदा गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवा. शेडमध्येच किक मारून दोन मिनिटं घुर्र घुर्र करून बंद करणं हे न चालवण्यापेक्षा वाईट. सायलेन्सर तापतच नाही, आतली वाफ आतच राहते. घरी येताना वेशीपाशी कॉक बंद करा, वाटीतलं पेट्रोल दारापर्यंत संपतं.

आणि शंभर ऑक्टेनचं वर्षातून एकदा. मे महिन्याच्या शेवटी त्या साठ किलोमीटरवरच्या पंपावर गाडी घेऊनच जा, कॅन घेऊन नको. टाकी गळ्यापर्यंत भरा आणि परत या. येताना दीड लिटर जळेल, बाकीची टाकी जवळपास भरलेली राहील, आत हवेला आणि दवाला जागा कमी. पावसाळ्यात उघडीप मिळेल तसं त्यातलंच वापरा. दोन-तीन महिने बाहेर काढणं जमणारच नसेल, तर ते इथेनॉलविना पेट्रोल ई-२० पेक्षा बरंच निमूट बसतं. पैशांचं म्हणाल तर वर्षाला एका टाकीचा फरक पाचशेच्या आसपास जातो. तेवढ्यासाठी दर महिन्याला साठ किलोमीटरचा हेलपाटा नको. फक्त आत्ता पिस्टन नवा आहे, तेव्हा पहिले पाचशे किलोमीटर रेस मर्यादेत ठेवा. तुमच्या वेगाने ते पुढच्या वर्षी पुरे होतील, म्हणून म्हणतो, जरा जास्त फिरवा.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. राजदूत, येझदी, जावा किंवा जुनी स्कूटर असेल, जिथे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, तर मिश्रण ताजं करा, निघण्याआधी गाडी हलवा आणि ठेवून दिलेलं मिश्रण वापरू नका. टाकीतला तळाचा थर वेगळा झाला, तर तुमच्या इंजिनात ऑइलविना पाणी जातं, आरएक्सपेक्षा धोका जास्त. सीडी १००, स्प्लेंडर अशा चार-स्ट्रोकवाल्यांनी नळी, वायसर बदलले, कार्बोरेटर साफ ठेवला आणि गाडी रोज चालवली, तर झोप उडवून घेण्यासारखं काही नाही. फायबरची टाकी बसवून घेतलेल्या हौशी मंडळींनी मात्र आजच टाकी बघावी, फायबरमधली काही प्रकारची राळ (रेझिन) इथेनॉलमध्ये मऊ पडते. 

राहिला उसाचा प्रश्न. तो तुम्ही संकोचाने शेवटी लिहिलात, पण मला तोच जास्त आवडला. सभासद म्हणून तुम्हाला उसाचं बिल वेळेवर हवं, त्यात इथेनॉलचा हात आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधनं घातली तेव्हा कारखान्यांवर काय ओरड झाली, ते मी तुम्हाला सांगायला नको. आणि गाडीचा मालक म्हणून तुम्हाला जुन्या गाडीसाठी दुसरा पर्याय हवा. यात फितुरी कसली? बैलाला पेंड घालणारा माणूस वासराला दूधच पाजतो. शिवाय २०२४-२५ च्या हंगामात इथेनॉलसाठी मक्याचा वाटा उसापेक्षा मोठा होता. टाकीतलं इथेनॉल तुमच्याच फडातलं असेल, असंही आता राहिलं नाही. वार्षिक सभेत उठून ‘जुन्या गाड्यांसाठी पंपावर सोय असावी’ एवढं बोललात तर कुणी हसणार नाही. तिथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरात तुमच्यासारखीच एखादी गाडी असेल.

धाकट्या भावाचं म्हणणं मी खोडत नाही. विकावीशी वाटली तर विका, गाडी काही देव्हाऱ्यातली मूर्ती नाही. पण ई-२० आलं म्हणून विकली असं सांगू नका, ते कारण खरं नाही. आणि ठेवायची ठरवलीत, तर ‘झिजू नये’ हा शब्द सोडा. म्हशी विकून घेतलेली गाडी अण्णांनी शेडमध्ये ठेवण्यासाठी घेतली नसणार.

रविवारी शहरात सुट्या भागांच्या दुकानात जाल, तेव्हा झाकणाचं आणि कॉकचं जुनं वायसर काढून खिशात टाकून न्या. नमुना समोर ठेवला नाही तर दुकानदार हाताला येईल ते देतो, आणि तुम्हाला ते घरी आल्यावर कळतं.